मगदूम बाईंचं न बसणारं शेवाळ

मगदूम बाई उन्हं असतानाच जेवायच्या. दिवस मावळल्यावर अन्नाला हात लावायचा नाही हा त्यांच्या जैन घरातला नेम, आणि कोल्हापुरात त्यांच्या ओळखीपाळखीचं कुणीही दिवस मावळायच्या आत जेवत नव्हतं. त्यामुळं त्या कायम एकट्या जेवल्या. कॉलेज सुटलं की आम्ही प्राध्यापक मंडळी घोळक्यानं मिसळ खायला बाहेर पडायचो, तेव्हा बाई वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत स्टुलावर बसून पितळी डबा उघडायच्या. समोर मांडणीवर हिरव्या पाण्यानं भरलेल्या फ्लास्कच्या रांगा. कुणाचं लग्न असो, कुणाचा निरोप समारंभ असो, जेवणं रात्रीचीच असायची. बाई वेळेवर यायच्या, नारळ आणि फूल द्यायच्या, दोन शब्द बोलायच्या आणि पंगत बसायच्या आत मंगळवार पेठेतल्या आपल्या भाड्याच्या खोलीकडं चालायला लागायच्या. पुढंपुढं लोकांनी त्यांना थांबा म्हणायचंही सोडून दिलं.

मी गारगोटीच्या पलीकडचा. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं, आणि हे सांगताना मी आजही आवाज खाली आणत नाही. बाई मला बीएस्सीला शिकवायला होत्या. एमएस्सी झाल्यावर त्याच खात्यात मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. सत्तर सालाच्या पुढंमागची ही गोष्ट. तेव्हापासून मी त्यांना जवळून बघितलं. जवळून म्हणजे टेबलाच्या या बाजूनं. त्या बाजूला त्यांनी कुणाला येऊ दिलं असेल असं मला वाटत नाही.

बाई निळ्या-हिरव्या शेवाळावर काम करायच्या. आता शास्त्रात त्याला शेवाळ म्हणत नाहीत, जिवाणूंच्या गोतात धरतात. पण आमच्या वेळी ते शेवाळच होतं. भाताच्या खाचरात चिखलावर निळसर हिरवी साय धरते, तशातलं एकपेशी शेवाळ त्यांनी आमच्याच भागातल्या एका खाचरातून आणून प्रयोगशाळेत वाढवलं होतं. त्याच्या प्रत्येक पेशीभोवती एक बुळबुळीत आवरण असतं. बाई त्याला कोट म्हणायच्या. कोट जाड असला की पेशी एकमेकींना चिकटतात, त्यांचे गुठळे होतात आणि ते भराभर तळाला बसतात. वरचं पाणी नितळ होतं. कोट पातळ झाला की प्रत्येक पेशी सुटी, तरंगत राहणारी, आणि पाणी किती वेळ ठेवा, हिरवंच.

बाईंचा प्रश्न एवढाच होता. खाचरातलं शेवाळ नवं आणलं की चांगलं तळाला बसायचं. प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवलं की हळूहळू बसेनासं व्हायचं. का? कोट का उतरतो? बाईंचं उत्तर तयार होतं आणि त्यावर त्यांची पीएचडी उभी राहत होती. इथं दिव्याचा मंद उजेड, इथं आयतं खाणं. आयतं खायला मिळालं की कोण कशाला अंगावर जाड कोट वागवेल, असं त्या वर्गात सांगायच्या, आणि मागच्या बाकावरची जयसिंगपूरच्या व्यापाऱ्यांची पोरं खाली मान घालायची.

कोट दाखवायची त्यांची एक रीत होती. काचपट्टीवर शेवाळाचा थेंब, त्यात काळ्या शाईचा थेंब. शाई कोटात शिरत नाही. सूक्ष्मदर्शकातून बघितलं की काळ्या मिट्ट अंधारात हिरवा ठिपका आणि त्याच्याभोवती उजळ कडं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणालो, "बाई, चंद्राला खळं पडलंय." बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी त्या दिवसापासून कड्याला खळंच म्हणायला सुरुवात केली. बाहेरचे परीक्षक आले तरी त्यांच्यापुढंही खळंच. माझ्यासारख्या गावाकडनं आलेल्याचा शब्द एवढ्या शिकलेल्या बाईंच्या तोंडी बसला याचा मला अभिमान वाटायचा. अजून वाटतो.

शेवाळ किती वेगानं बसतं हे मोजायला बाईंकडं काचेची उंच नळकांडी होती. त्यात हिरवं पाणी भरायचं, हलवायचं, ठेवायचं आणि बघत बसायचं. बघणाऱ्याला वाटावं बाई रिकाम्या बसल्यात. एकदा खात्याचे प्रमुख दारात उभं राहून म्हणाले, "मगदूम बाई, पगार घेऊन पाण्याकडं बघत बसायची नोकरी बरी आहे." बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "सर, हळू बोला. टेबल हलतंय."

मुजावर म्हणून आमचा प्रयोगशाळेतला शिपाई होता. तो बाईंच्या फ्लास्कना लोणच्याच्या बरण्या म्हणायचा. काम झालेलं शेवाळ बाई मोरीत ओतू द्यायच्या नाहीत. कॉलेजमागं एक जुनं टाकं होतं, त्यात नेऊन अलगद सोडायच्या. मुजावर बादली धरून मागनं जायचा आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचा, "बाईंच्या लेकरांना पोहायला न्यायला लागलोय." बाईंना ऐकू जायचं. त्या हसायच्या नाहीत आणि रागवायच्याही नाहीत. लेकरं या शब्दाला तेवढ्या थोड्या जोरात चालायच्या.

बाईंनी लग्न केलेलं नव्हतं. त्यांचं गाव जयसिंगपूरच्या पुढं, कृष्णाकाठाला. वडील लवकर गेले. आईला त्या अव्वा म्हणायच्या आणि थोरल्या भावाला अण्णा. स्थळं यायला लागली तेव्हा बाईंनी अण्णांना सांगितलं होतं की मला शिकून डॉक्टर व्हायचंय, तोवर थांबा. अण्णांनी भावकीशी भांडून बहिणीचा शब्द राखला. अडचण एवढीच झाली की गावानं डॉक्टर म्हणजे सुईवाला डॉक्टर धरला. बाई सुट्टीला गेल्या की म्हाताऱ्या जीभ काढून दाखवायच्या, कुणी गुडघा पुढं करायचं. बाई सुरुवातीला समजावून सांगायच्या. मग त्यांनी कोल्हापुरातनं पोटाच्या गोळ्या विकत नेऊन वाटायला सुरुवात केली. अण्णा महिन्यातनं एकदा एसटीनं यायचे, शेंगा नाहीतर काकवी घेऊन. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून आत यायचे आणि तोच प्रश्न विचारायचे, "झालं का गं डॉक्टर?" बाई म्हणायच्या, "होत आलंय अण्णा." बाईंचे केस कानांपाशी पांढरे झाले तरी होत आलंय.

आणि ते खरंच होत आलं. प्रबंध टाइप होऊन बांधणीवाल्याकडं गेला. तेवढ्यात अव्वांना अर्धांगवायू झाला. बाईंनी बिनपगारी रजा काढली. जाताना मला मूळ शेवाळाच्या नळ्या दाखवल्या. खाचरातून आणलेलं पहिलं वाण त्यात अगरच्या घट्ट खळीवर जपून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "पोवार, यातनं नवीन फ्लास्क लाव. तोच दिवा, तेच खाणं. आठवड्याच्या आठवड्याला जुन्यातलं थोडं काढून नव्यात घालत जा. मी येईपर्यंत कोट उतरलेला दिसला की माझं सगळं पक्कं."

मी सांगितलं तसं केलं. अव्वा लवकर सुटल्या नाहीत. बाई परत आल्या तेव्हा अर्ध्या वर्षाच्या वर काळ गेला होता. एवढ्या अवधीत बाईंच्या हातच्या फ्लास्कमधलं शेवाळ निम्मं तरी बसायचं बंद झालेलं असायचं.

त्या सकाळी त्यांनी चपला काढायच्या आधी मांडणीकडं बघितलं. माझ्या सगळ्या फ्लास्कच्या तळाला जाड हिरवा थर, आणि वर विहिरीसारखं नितळ पाणी.

दिवा बदलला का? नाही. खाणं? नाही, तुमच्याच मापानं. त्यांनी शाई घेतली, काचपट्टी केली. प्रत्येक पेशीला हे एवढं खळं. कोट उतरला नव्हता. नंतरचे काही दिवस त्यांनी सगळं तपासलं. रसायनांच्या बाटल्या, पाणी, दिव्याचं अंतर, खिडकीचा पडदा. मला वाटलं आता माझ्या डोक्यावर काहीतरी येणार, पण माझं काही चुकलेलं नव्हतं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर नवीन लाव."

मी फ्लास्क उचलला, मानेला धरून चांगला गरागरा फिरवला आणि पिपेट आत घातली.

"थांब. हे काय केलंस?"

"हलवलं."

"कशाला?"

"न हलवता कसं घ्यायचं बाई? वर नुसतं पाणीच येईल की."

"मी तुला असं शिकवलेलं नाही."

ते खरं होतं. बाईंची पद्धत बघत राहावी अशी होती. फ्लास्क जागेवरून हलवायचा नाही, पिपेट तिरकी धरायची, टोक पाण्याच्या जेमतेम खाली न्यायचं आणि वरचं हिरवट पाणी अलगद ओढायचं. तळाचा कणसुद्धा उठायचा नाही. ही रीत त्यांच्या हातात घरातनं आली होती. अव्वा पाणी गाळून भरायच्या. फडक्यात उरलेले जीव परत विहिरीत हळू सोडायच्या. हंड्यातलं पाणी वरून ओगराळ्यानं घ्यायचं, तळाला धक्का लावायचा नाही. तळ ढवळणं म्हणजे त्यांच्यात वंगाळ. बाईंना ही रीत कुणी प्रयोगशाळेत शिकवली नव्हती, आणि आम्हाला शिकवताना त्यांनी कधी कारणही सांगितलं नव्हतं.

मी कुठं शिकलो, असं त्यांनी विचारलं. मी आंबिलीचं सांगितलं. आमच्या घरी आंबील ढवळल्याशिवाय वाढत नाहीत. न ढवळता वाढली तर पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला पीठ. एकदा मी ढवळायचं विसरलो तर आईनं पळी माझ्या पाठीवर वाजवली होती.

बाई हसल्या. मी त्यांना तेवढं मोकळं हसताना पहिल्यांदा बघितलं. आणि हसता हसता त्या स्टुलावर बसल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला कळायला थोडा वेळ लागला. त्यांना लगेच कळलं होतं.

घरात बियाणं राखणाऱ्या कुणालाही ते कळेल. वरच्या पाण्यात कोण असतं? जे बसलेलं नाही ते. म्हणजे ज्याचा कोट पातळ ते. बाई दर खेपेला न बसणारं तेवढं पुढच्या फ्लास्कमध्ये नेत होत्या आणि बसणारं मुजावरच्या बादलीतनं टाक्यात सोडत होत्या. इतकी वर्षं. दिव्यानं काही केलेलं नव्हतं, आयत्या खाण्यानं काही केलेलं नव्हतं. निवड बाईंच्या हातानं केली होती. मी ढवळून घेतलं, सगळ्यांना सारखं पुढं नेलं, म्हणून माझं शेवाळ खाचरातल्यासारखं राहिलं.

मी म्हणालो, "बाई, प्रबंध देऊन टाका. मापं खरी हायेत. कोट उतरला हे खरं हाय."

"उतरला हे खरं. कशानं उतरला ते खोटं लिहिलंय मी."

"कुणाला कळणार न्हाय."

"मला कळलंय की."

पण माझं मत मी आजही बदललेलं नाही. एवढी वर्षं घातल्यावर मी असतो तर दिला असता प्रबंध, आणि नावापुढं डॉक्टर लावून उरलेलं खरं-खोटं नंतर बघितलं असतं. आमच्यासारख्यांना पदवी दोनदा चालून येत नाही. बाईंना मी हे त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे पोवार." आणि दुसऱ्या दिवशी मुजावरला घेऊन बांधणीवाल्याकडं गेल्या आणि सगळ्या प्रती परत घेऊन आल्या.

प्रमुखांनी समजूत काढली. एक प्रकरण बदला, शंका म्हणून दोन ओळी घाला, पुढचं पुढं. बाई म्हणाल्या, प्रबंधाचं नावच चुकीचं आहे, त्यात ओळी कुठं घालू? नव्यानं करायचं तर वरून घेतलेलं आणि तळातनं घेतलेलं असं एकाच दिव्याखाली वर्षानुवर्षं वेगळं वाढवायला हवं. तेवढा वेळ नोंदणीत शिल्लक नव्हता, आणि मार्गदर्शक निवृत्तीला आले होते. नोंदणीतनं नाव कमी झालं.

अण्णा आले, शेंगांची पिशवी घेऊन. प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "होणार नाही अण्णा आता." अण्णा पिशवी टेबलावर ठेवून बाहेर व्हरांड्यात आले. मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "पावणं, आमची सुनंदा नापास झाली काय हो?"

"कुणी नापास केलेलं न्हाय. त्यांचं त्यांनीच परत घेतलंय. त्यात चूक हाय म्हणाल्या."

"चूक कुणी काढली?"

"त्यांनीच."

अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "असं कोण करतंय?" एवढंच म्हणाले आणि एसटी स्टँडकडं निघाले. त्यानंतर त्यांना मी कॉलेजात बघितलं नाही.

बाईंनी मात्र मांडणीवर दोन रांगा केल्या. एका रांगेतलं वरून पुढं न्यायचं, एका रांगेतलं तळातनं. तळातनं घेताना सुरुवातीला त्यांचा हात थबकायचा, हे मी बघितलंय. खात्यात कुणाला आता त्यात रस नव्हता. नवी तरुण मंडळी त्यांना पाठीमागं डॉक्टर मॅडम म्हणायची. मांडणीची जागा पुढं एका नव्या यंत्राला हवी झाली, तशी ती निम्मी झाली. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशीचं जेवण अर्थातच रात्री होतं. त्या शाल आणि नारळ घेऊन निघाल्या, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतनं आपल्या बाटल्या जयसिंगपूरला घेऊन गेल्या. अण्णांच्या मुलानं तिथं घर बांधलं होतं.

मधे बरीच वर्षं गेली. परीक्षेच्या कामाला मी जयसिंगपूरला गेलो होतो, तेव्हा शोधत गेलो. रस्त्यालगतच घर. दारात भाच्याची बायको भेटली. कॉलेजातनं आलोय म्हटल्यावर तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बाटल्या बघायला आलाय व्हय? बरं झालं. आमच्यात कुणाला त्यातलं कळत न्हाय, आणि अत्ती दुसरं काय बोलत न्हाईत." मग आत तोंड करून म्हणाली, "अत्ती, पावणं आल्यात."

बाईंची खोली रस्त्याच्या बाजूला होती. खिडकीच्या कट्ट्यावर जॅमच्या बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे. रसायनं कुठली मिळायला, शेतातली माती उकळून गाळलेल्या पाण्यावर त्या शेवाळ वाढवत होत्या. बाई वाळल्या होत्या. माझा आवाज ऐकून त्यांनी तोंड वळवलं, पण नजर माझ्या खांद्यावरनं पलीकडं गेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी दिसत नव्हतं. दुसऱ्यातनं उजेड तेवढा कळायचा.

मुलाबाळांचं त्यांनी विचारलं नाही. खुर्ची कुठं आहे ते हातानं दाखवलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आलास. मला एक सांगायचं काम कर."

त्यांनी चाचपडत दोन बाटल्या उचलल्या. पाठीमागं नेऊन त्यांची अदलाबदल केली, दोन्ही सारख्या हलवल्या आणि कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. बाटल्यांच्या मानांवर त्यांनी पदराचं टोक टाकलं. "एक वरची आहे, एक तळाची. कुठली ते विचारू नकोस. नुसतं बघ आणि सांग, आधी कुठली निवळते."

आम्ही बसलो. बाहेरून बैलगाडी गेली तसं त्यांनी कट्ट्यावर तळहात दाबून धरला.

"डावीकडची," थोड्या वेळानं मी म्हणालो. "वरनं निवळायला लागली."

"उजवी?"

"उजवी हिरवीच हाय."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"मी तसं कधी सांगितलंय बाई?"

त्यांनी पदर काढला आणि बाटल्यांच्या माना चाचपल्या. उजवीच्या मानेला दोरा बांधलेला होता. डावीच्या नव्हता. "दोरा वरचीला आहे," त्या म्हणाल्या. "डावी तळाची." त्यांचा तळहात डाव्या बाटलीवर तसाच राहिला. नजर गेल्यापासून त्या दोन्ही रांगा पुढं नेत होत्या, रीत चुकू न देता, आणि शेवाळ काय करतंय ते सांगणारं घरात कुणी नव्हतं.

त्यांनी परत दोन्ही बाटल्या पाठीमागं नेल्या. "एकदा बघून काय कळतंय? परत सांग."

मी परत सांगितलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही सांगितलं. मग मला एसटी गाठायची होती, तसं मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "हो, हो, जा तू," आणि हात कट्ट्याकडं गेले.

रस्ता ओलांडून मी वळून बघितलं. त्यांनी बाटल्या पुन्हा हलवून खिडकीत ठेवल्या होत्या आणि त्यांच्याकडं तोंड करून बसल्या होत्या. ऊन सरळ बाटल्यांवर पडलं होतं. मी पिशवी घेऊन तिथंच उभा राहिलो. जाणारे येणारे बघत होते, बघू देत. उजवीकडची बाटली वरच्या अंगानं पांढरी पडत आली, तसं मी रस्त्याच्या पलीकडनं मोठ्यानं ओरडून सांगितलं, "बाई, तुमच्या डाव्या हाताची."

त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं नाही. त्यांचा हात तेवढा उठला आणि बाटलीच्या मानेवर दोरा शोधायला लागला.